लातूरला पोरांच्या रूमसाठी घर घेऊ का? एजंटाचा हिशेब पचेना

अहमदपूरकर_पुण्यात (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी अहमदपूर तालुक्यातला, नोकरी हिंजवडीत. गाठीला वीस लाख जमलेत. वडील म्हणतात शेजारचं दोन एकर रान निघालंय ते घे. मला वाटतं रान कसायला इथं आहे कोण? त्यापेक्षा लातूरला घर घ्यावं आणि क्लासच्या पोरांना भाड्यानं द्यावं.

एका एजंटानं खाडगाव रोडच्या आतल्या गल्लीत घर दाखवलंय. जुनं, दुमजली, खाली दोन खोल्या वर दोन, मागं हौद. किंमत 42 लाख सांगतोय. त्याचा हिशेब असा : एका खोलीत दोन पोरं म्हणजे आठ कॉट, कॉटला महिना 3,000, म्हणजे महिन्याला 24,000, वर्षाला 2,88,000. जवळजवळ सात टक्के. मी 25 लाख कर्ज काढलं तर साडेआठ टक्क्यानं वीस वर्षांचा हप्ता 21,700 च्या आसपास बसतो. "हप्ता पोरंच फेडतील, घर तुम्हाला फुकटात पडलं बगा," असं त्याचं म्हणणं.

ऐकायला ग्वाड वाटतंय, मनूनच भीती वाटतेय. ज्यांच्या स्वतःच्या रूम आहेत त्यांनी सांगावं. हिशेबात कुठं पाणी मुरतंय? करार कसा करायचा? आणि लातूर नको तर मग कुठं?

लातूर_एक्स्प्रेस

घ्या डोळे झाकून. दहावीचा निकाल लागला की नांदेड, परभणी, सोलापूर, कुठकुठली पोरं येतात. रूम मिळत नाही जून-जुलैत. वर रेल्वे डब्यांची कोच फॅक्टरी आहेच. पाच वर्षांत डबल.

खाडगाव_रोडच्या_काकू

वरच्या भावानं डोळे झाकायला सांगितलंय, मी उघडायला सांगते.

आमचे हे एसटीतून रिटायर झाले तेव्हा आलेल्या पैशात आम्ही वर मजला चढवला. तेव्हापासून पोरं ठेवतोय. आधी मुलं होती, आता फक्त मुली ठेवते. तर सांगायचा अधिकार आहे असं समजा.

तुमच्या एजंटानं भाड्याला बारानं गुणलंय, पहिली चूक तिथं. मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आसपास असते. पेपर झाला की बारावीची आणि रिपीटरची पोरं त्याच आठवड्यात बोऱ्याबिस्तरा गुंडाळतात. नवीन अकरावीवाली पोरं निकाल, प्रवेश, क्लासची बॅच असं होत होत जूनच्या शेवटी किंवा जुलैत येतात. मधले दोन महिने रूम रिकामी. जी पोरं दुसऱ्या वर्षाला राहणार असतात त्यांचे वडीलसुद्धा म्हणतात, "काकू, सुट्टीचं भाडं कशाचं?" काही घरमालक वर्षाचं भाडं एकदाच घेतात, पण ते क्लासच्या अगदी दारातल्या घरांना जमतं. खाडगाव रोडच्या आतल्या गल्लीला नाही जमत. त्यामुळं दहानं गुणा. आठ कॉट कधीच वर्षभर भरलेल्या नसतात. एखादं पोरगं दिवाळीला गेलं की परत येत नाही, आणि नोव्हेंबरात नवीन गिऱ्हाईक मिळत नाही. सात कॉट, दहा महिने, 2,10,000.

आता त्यातून काय जातं बघा. घरपट्टी. झाडलोट आणि संडास-बाथरूमला बाई. मोटार आणि जिन्यातला लाईट. दर मे महिन्यात चुना-रंग, कारण पोरं भिंतीवर सूत्रं लिहितात (हो, थेट भिंतीवर, पेनानं, आमच्या एका खोलीत अख्खी आवर्त सारणी होती). नळ, कडी, पंखा, कॉटच्या फळ्या. सेप्टिक टँकचा उपसा. सगळं मिळून 75-80 हजाराच्या खाली काही येत नाही. हातात राहिले 1,30,000. तुमचा वर्षाचा हप्ता 2,60,000. म्हणजे अर्धा हप्ता पोरं फेडतील, अर्धा तुम्ही, दर महिन्याला अकरा हजार पगारातून. शिवाय 42 लाखांवर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून अडीच-तीन लाख वेगळे. ते एजंटाच्या कागदावर होते का? 45 लाखांवर 1,30,000 म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही. बँकेतली एफडी याच्या दुपटीनं देते आणि तिची मोटार जळत नाही.

आणि पाणी! ते तर तुम्ही विचारलंच नाही. अहमदपूरचे असून? 2016 विसरला का? एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं या शहराला. त्या उन्हाळ्यात मी स्वतः पोरांना घरी पाठवलं होतं, अंघोळीला द्यायला पाणी नव्हतं. आता मांजरा धरण भरतं तेव्हा बरं असतं, पण नळ रोज येत नाही आणि उन्हाळ्यात कितव्या दिवशी येईल त्याचा भरवसा नाही. आठ पोरं म्हणजे दिवसाला हजार लिटर धरा. टँकर तुमच्या गल्लीत वळतो का? हौद किती लिटरचा? बोअर असेल तर किती फूट, आणि मे महिन्यात चालतो का? जानेवारीत दाखवलेल्या बोअरवर विश्वास ठेवायचा नसतो. प्यायला जारचं वेगळं. पालक रूम बघायला येतात तेव्हा बाप भिंती बघतो आणि आई नळ सोडून बघते. ठरवते आई.

जुनं दुमजली म्हणालात. आपल्याकडं काळी माती. पाया मुरुमापर्यंत गेलेला नसला की उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि भिंतीला तिरपे तडे जातात, खिडकीच्या कोपऱ्यापासून निघालेले. पावसाळ्यात ते मिटल्यासारखे दिसतात. रंग नवीन मारलेला असेल तर जास्त बारकाईनं बघा. कॉलम-बीमचं काम आहे का नुसत्या विटांवर स्लॅब टाकलाय, हे कुठल्याही गवंड्याला पाचशे रुपये देऊन विचारा. किल्लारीचा भूकंप बघितलेली माणसं आहोत आपण, स्लॅबखाली दुसऱ्यांची पोरं झोपवायची आहेत.

मुद्द्याचं सांगते. पोरं ठेवणं ही गुंतवणूक नाही, ती नोकरी आहे. रात्री अकराला लाईट गेली, एकाला ताप आला, शेजारचा गच्चीवरच्या आवाजावरून भांडायला आला, एखादीचं सराव परीक्षेत मार्क कमी आले म्हणून ती जेवली नाही, हे सगळं मी बघते. मी खाली राहते म्हणून वरची रूम चालते. तुम्ही हिंजवडीतून काय करणार?

कोच फॅक्टरीचं : 2018 ला हरंगुळला भूमिपूजन झालं तेव्हापासून प्रत्येक प्लॉटवाला तेच गाणं गातो. फॅक्टरी झाली, चांगलीच गोष्ट आहे. पण हरंगुळ कुठं आणि खाडगाव रोड कुठं.

करवाला_नांदेड

काकूंनी हिशेब बरोबर मांडलाय. करापुरतं बोलतो. भाड्याच्या उत्पन्नातून तुम्ही भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यातून सरसकट 30 टक्के वजा होतात (दुरुस्तीला खर्च केला असो वा नसो), आणि कर्जाचं व्याज वजा होतं. 25 लाखांवर पहिल्या वर्षाचं व्याजच दोन लाखाच्या वर जाईल, म्हणजे कागदावर घर तोट्यात. जुन्या कररचनेत हा तोटा दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो. नव्यात करता येत नाही. हिंजवडीवाले बहुतेक नव्यातच असतात, तेव्हा "कर वाचेल" म्हणून कर्ज काढू नका.

गादी, सफाई, मेस सगळं देऊन हॉस्टेलसारखं चालवलं तर ते धंद्याचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं, मग ही 30 टक्क्यांची वजावट गेली, खरा खर्च दाखवायचा. जीएसटीची भीती कुणी घातली तर : 2024 पासून माणशी महिना 20,000 पर्यंतच्या आणि सलग 90 दिवस मुक्कामाच्या हॉस्टेलला माफी आहे. तुमचं 3,000 चं कॉट त्यात आरामात बसतं.

वाळूजचा_दादाराव

लातूर सोडा, संभाजीनगरला या. वाळूजला वर्षाचे बारा महिने भाडेकरू असतोय. कंपनीतली पोरं, आयटीआय करून अप्रेंटिसला आलेली, कंत्राटी कामगार. रांजणगाव, जोगेश्वरी, इथलं वाळूजजवळचं पंढरपूर, कुठंही दहा बाय दहाची खोली मोकळी राहत नाही. पगार सात ते दहा तारखेला होतो, भाडं अकराला मागायचं, त्याआधी मागून उपयोग नाही. कंपनीनं कंत्राट बंद केलं की एकदम चार खोल्या रिकाम्या होतात हेही खरं, पण महिन्याभरात परत भरतात.

फक्त कागद बघा. इकडं अर्धा धंदा बाँडवर चालतो. गुंठेवारीतला (शेतजमीन गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेला) प्लॉट, खरेदीखत नाही, नुसतं नोटरी केलेलं. विकणारा म्हणतो "सगळा एरिया असाच आहे". गुंठेवारीचा कायदा 2001 चा, 2021 ला बदल करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. पण सोय झाली म्हणजे तुमचं घर नियमित झालं असं नाही. नियमितीकरणाचं पत्र हातात बघा, नाहीतर बँक दारात उभं करत नाही. बजाजनगरला जागा एमआयडीसीची, लीजवर. तिथं घर नावावर करायला एमआयडीसीची परवानगी आणि पैसे लागतात. सिडकोतली बरीच घरंही मुळात लीजची.

खाडगाव_रोडच्या_काकू

दादाराव भाऊ, बारा महिने भाडेकरू हे मान्य. पण हे पुण्यात राहून दहा खोल्यांचं भाडं अकरा तारखेला कोण गोळा करणार? तुम्ही तिथं राहता म्हणून तुम्हाला सोपं वाटतं. माझं तेच म्हणणं आहे.

अहमदपूरकर_पुण्यात

काकू, आधी हात जोडतो, आणि मला अरेतुरे करा, मी तुमच्या पोराच्या वयाचा असेन. हिशेब कळला. एजंटाला "मे महिन्याचं काय" असं विचारलं तर म्हणाला, "मेमध्ये सीईटीवाले राहतात ना."

दोन शंका. एक, समजा पोरं न ठेवता फॅमिलीला फ्लॅट दिला तर? दोन, कराराचं राहिलंच. गावाकडं सगळे म्हणतात पाचशेचा बाँड आणि नोटरी बास. आणि एजंट म्हणतोय रविवारपर्यंत इसार द्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

खाडगाव_रोडच्या_काकू

बरं बाळा, ऐक.

फॅमिली फ्लॅटमध्ये टक्का जास्त मिळतो असं मी सांगणार नाही. 28 लाखांचा टू बीएचके घेतलास तर भाडं साडेआठ हजार. वर्षाला एक लाख. खर्च वगळून परत तीन टक्केच. पण तिथं फोन येत नाही. बँकेतला किंवा झेडपीतला माणूस येतो, बायको-पोरं, तीन वर्षं राहतो, बदली झाली की जाताना दुसऱ्या बँकवाल्याचा नंबर देऊन जातो. (एचआरएसाठी वर्षाला लाखाच्या वर भाडं असलं की तो तुझा पॅन मागेल, दे, लपवायचं काय त्यात.) आणि मुख्य म्हणजे तुझ्याकडं वीस आहेत. 28 चा फ्लॅट, दोन लाख सरकारला, कर्ज दहाच लाख. हप्ता साडेआठ-पावणेनऊ हजार. तो बराचसा भाड्यातून निघतो. एजंटानं तुला जे स्वप्न दाखवलं ते 42 लाखांत खोटं आहे, 28 लाखांत बरंचसं खरं आहे. मध्ये दोन महिने रिकामा राहिला तरी सतरा हजाराचा प्रश्न, पगारातून निभतो.

सूनबाईच्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. 28 लाखांत 28 हजार वाचले. कर्जात तिचंही नाव लागेल, ते बँकेला आधी विचार.

फ्लॅट घेताना पाण्याचे सगळे प्रश्न तेच, फक्त सोसायटीला विचारायचे. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा वर्गणीनं? लिफ्ट चालते का, की नुसती आहे? नोंदणीकृत सहकारी सोसायटी असली तर भाडेकरू ठेवल्याबद्दल ते बिनवहिवाट शुल्क लावतात, पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर लावता येत नाही. दुप्पट मेंटेनन्स मागितला तर हे सांग. तळमजला नको आणि गच्चीखालचा शेवटचाही नको, मधला मजला बघ. वरच्या मजल्यावर लातूरचा उन्हाळा भाडेकरूला टिकू देत नाही.

आता करार. नोटरी बास नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, त्याचं कलम 55 : करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि भांडण कोर्टात गेलं तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, तू उलटं सिद्ध करेपर्यंत. शिवाय पाच हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद घरमालकाला. पाचशेच्या बाँडनं यातलं काही टळत नाही. आमच्या गल्लीत एकानं नोटरीवर घर दिलं आणि भाडेकरू म्हणतो डिपॉझिट दोन लाख दिलं होतं. दिलं होतं पन्नास हजार. आता बसलेत दोघं तारखा मोजत.

"भाडेकरार" असं न लिहिता लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे नुसती राहायची परवानगी) कर, अकरा महिन्यांचा. अकरा महिने संपल्यावर माणूस निघाला नाही तर कलम 24 खाली ताबा मागता येतो आणि निघेपर्यंत दुप्पट पैसे लागू होतात. नोंदणी आता ऑनलाइन होते, आधारला अंगठा लावून, रजिस्ट्री ऑफिसात रांग नाही. मुद्रांक शुल्क किरकोळ : एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. नोंदणी फी शहरात हजार रुपये. एवढ्यासाठी लोक नोटरीकडं का जातात मला कळत नाही. करून देणारा मुलगा घरी मशीन घेऊन येतो. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची तीही तोच भरतो.

आणि कधी पुढंमागं पोरं ठेवलीसच तर हे लक्षात ठेव, अकरावीचं पोरगं अठराच्या आत असतं. त्याच्याशी केलेल्या कराराला काही अर्थ नाही. करार बापाशी, सही बापाची, आधार बापाचं, पोराचं नाव राहणारा म्हणून. मी प्रवेशाच्या दिवशी बापाला समोर बसवूनच घेते. मामा घेऊन आला तर मामाला चहा पाजून परत पाठवते.

भाडं थकलं म्हणून कुणाची लाईट-पाणी तोडू नको. कलम 29 खाली तो गुन्हा आहे, आणि थकबाकी बाजूला राहून तूच अडकशील. त्यापेक्षा दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट आधी घे. लाईटचं मीटर वेगळं असलेलंच घर घे. एका मीटरवर सगळी पोरं असली की एप्रिलमध्ये कूलर लागतात, युनिट 300 च्या पुढं जातात आणि महावितरणचा दर पुढच्या टप्प्यात उडी मारतो. मग ते बिल कुणी किती भरायचं यावर महाभारत. आमच्याकडं सुरुवातीला सबमीटर होते. पोरं रीडिंगचे फोटो काढून वाद घालायची, इंजिनिअरिंगला जाणारी पोरं ती! आता मजल्याला वेगळं मीटर घेतलंय.

आता त्या दुसऱ्या गिऱ्हाईकाबद्दल. तू सांगितलेलं घर, मागं हौद, वर दोन खाली दोन. दारात बदामाचं झाड आहे का रे?

अहमदपूरकर_पुण्यात

आहे! तुम्हाला कसं माहीत?

खाडगाव_रोडच्या_काकू

मग ते दुसरं गिऱ्हाईक मागच्या दिवाळीच्याही आधीपासून उभंच आहे, बसायला सांग त्याला. त्या घराला तेव्हा 38 सांगत होते. मालकाचे दोघं भाऊ आहेत, वाटणी झाली का नाही ते मला माहीत नाही, ते तू शोध. मालमत्ता पत्रकावर कुणाकुणाची नावं आहेत, फेरफार झालाय का, बँकेचा बोजा आहे का, हे बघायला तुझा स्वतःचा वकील लाव, एजंटानं सुचवलेला नको. तीस वर्षांचा सर्च घे म्हणावं. तोपर्यंत इसाराचा एक रुपया देऊ नको, टोकन म्हणून अकराशे मागितले तरी नको, पावती न देता ते इसार समजतात आणि मग गावभर सांगतात की सौदा झाला.

पुढच्या सुट्टीला आलास की सूनबाईला घेऊन ये. फ्लॅट बघायला मी येते बरोबर. औसा रोडला माझ्या ओळखीच्या एका बाईंचा निघायचाय, मुलाकडं बंगळुरूला चाललेत. पण दुपारी दोनला बघायचा, सकाळी नाही. सकाळी सगळे फ्लॅट थंड असतात.

वाळूजचा_दादाराव

काकू, मला पण त्या औसा रोडच्या फ्लॅटचं काय ते कळवा. मेहुण्याची बदली लातूरला झालीय, त्याला भाड्यानं पाहिजे.

खाडगाव_रोडच्या_काकू

बँकेत आहे का मेहुणा?